संपावरची हजेरी

"म्हणजे हा माणूस संपावर होता की कामावर?" कौस्तुभने स्क्रीनवर बोट ठेवून तिसऱ्यांदा विचारलं.

"दोन्हीकडे," प्रिस्काने तिसऱ्यांदा सांगितलं.

"असं कसं असेल, मॅडम? सिस्टिममध्ये माणूस एकतर प्रेझेंट असतो, नाहीतर ॲबसेंट."

"मग सिस्टिमलाच विचारा ना. मला कशाला दर पाच मिनिटांनी उठवताय?"

कौस्तुभ हा कंपनीचा नवा एचआर मॅनेजर. वय एकतीस, नोकरीला आठ महिने, आणि त्यातला जवळजवळ दीड महिना संपातच गेलेला. प्रिस्का घोन्साल्विस टाइम ऑफिसात सत्तावीस वर्षं होती. वालीवच्या त्या कारखान्यात बोअरवेलच्या पंपांचे सुटे भाग बनत. कोण किती वाजता आलं, किती वाजता गेलं, कुणाची रजा शिल्लक आहे आणि कुणाची आजी या वर्षी दुसऱ्यांदा वारली आहे, हे सगळं प्रिस्काकडे यायचं. गेटला लागून तिची खोली. एक खिडकी कारखान्यात उघडायची, दुसरी रस्त्यावर. पहाटे नंदाखालहून स्कूटी काढायची आणि सातच्या पाळीआधी दोन्ही खिडक्या उघडून बसायचं, हा तिचा सत्तावीस वर्षांचा नेम.

संप सुरू झाला तशी आतली खिडकी उघडायचं कारणच उरलं नाही. पण प्रिस्का स्टाफमध्ये, युनियनमध्ये नाही. त्यामुळे तिला रोज यावं लागे. यायचं आणि वॉचमनची, दोन अकाउंटवाल्यांची व मालकांच्या ड्रायव्हरची हजेरी घ्यायची. ओस पडलेल्या कारखान्यात आठ तास बसून माणूस किती वैतागतो, हे ज्याने बसून पाहिलंय त्यालाच कळेल. रॉबर्ट, तिचा नवरा, घरी म्हणायचा, "मजा आहे तुझी, बसून पगार." एकदा तिने त्याला केळीच्या बागेत दिवसभर नुसतं उभं राहायला सांगितलं. पाणी सोडायचं नाही, तण काढायचं नाही, पानालासुद्धा हात लावायचा नाही. तेव्हापासून तो गप्प होता.

साप्ताहिक सुट्या सोडून आज संपाचा सदतिसावा दिवस होता. वेतनाचा करार संपून दोन वर्षं झाली तरी नवा होत नव्हता, म्हणून एकशे बारा कामगार बाहेर बसले होते. उद्या कामगार खात्याच्या ऑफिसात तडजोडीची बैठक होती, आणि तिथे कंपनीला एक तक्ता न्यायचा होता. किती माणसं, किती दिवस, एकूण किती मनुष्यदिवस वाया गेले. प्रिस्काने कॅल्क्युलेटरवर एकशे बारा गुणिले सदतीस केलं. चार हजार एकशे चव्वेचाळीस. अर्ध्या मिनिटाचं काम. पण कॉम्प्युटर म्हणत होता चार हजार एकशे आठ. फरक छत्तीसचा, आणि ते छत्तीसच्या छत्तीस दिवस एकाच माणसाचे होते: शांताराम केनी, लेथ ऑपरेटर, राहणार चिंचोटी.

याचं मूळ होतं हजेरीच्या मशीनमध्ये. गेल्या वर्षी रस्ता रुंद झाला तेव्हा कंपनीने गेट पंधरा फूट आत घेतलं. मशीन मात्र जुन्याच खांबावर, पत्र्याच्या आडोशाला राहिलं. म्हणजे कंपनीच्या बाहेर. ते आत घ्या म्हणून प्रिस्काने तीन पत्रं लिहिली. तिन्ही पत्रांना इनवर्डचा नंबर मिळाला, पुढे काही मिळालं नाही. मग संप झाला आणि युनियनने मांडव घातला तोही नेमका मशीनपासून दहा पावलांवर.

शांताराम सकाळी सातला दहा कमी असताना यायचा. छत्री मिटायचा, अंगठा सदऱ्याला पुसायचा, मशीनवर ठेवायचा. पावसाळी हवेत ते मशीन एका दमात कधी घ्यायचं नाही. तो पुन्हा पुसायचा, पुन्हा ठेवायचा. मशीन "थँक यू" म्हणालं की वळायचा आणि मांडवात जाऊन संपावर बसायचा. घोषणा द्यायचा, भजी खायचा, युनियनच्या जॅक्सनचं भाषण ऐकायचा. साडेतीनला पाळी सुटायची वेळ झाली की पुन्हा अंगठा लावून घरी जायचा. साप्ताहिक सुटीला यायचा नाही. एवढंच नाही, एकदा तो चक्क रजेचा अर्ज घेऊन बाहेरच्या खिडकीशी आला. पुतणीच्या साखरपुड्यासाठी एक दिवस.

"अहो शांतारामभाऊ, संपावरच्या माणसाला रजा कोण देणार?" प्रिस्काने कपाळावर हात मारून घेतला होता.

"मंग कोनाला सांगू, बाय? जॅक्सनला?"

तिने अर्ज ठेवून घेतला. तिसऱ्या दिवशीच तिने त्याला सांगितलं होतं की संपात अंगठा लावायचा नसतो. तो "बरा, बाय" म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा लावून मोकळा. तिने मनाशी म्हटलं, सवय आहे, जाणार नाही. तिच्या सासऱ्यांनी अंगणातली विहीर बुजवली, त्याला दहा वर्षं झाली; तरी ते मरेपर्यंत सकाळी त्याच जागी उभे राहून दात घासत होते. सवयीशी कोण भांडणार?

तर आता ती सवय स्क्रीनवर आली होती आणि कौस्तुभचे डोळे लकाकले होते.

"मॅडम, तुम्हाला कळतंय का हे काय आहे? हे आपलं ट्रम्प कार्ड आहे. एक वर्कर छत्तीस दिवस टाइमवर आलाय. म्हणजे गेट ओपन होतं. म्हणजे ज्यांना काम करायचं होतं ते येऊ शकत होते. संप इल्लीगल ठरला की गेम ओव्हर. आपण काकांना छत्तीस दिवसांचा पूर्ण पगार देऊ, वर प्रशस्तिपत्रक. तुम्ही फक्त मस्टरला छत्तीस पी लावा आणि सही करा. तीनला सर निघतील वकिलांकडे."

"तो समोर मांडवात बसला होता, साहेब. मी या खिडकीतून रोज बघत होते."

"पण ते सिस्टिममध्ये नाही ना."

"माझे डोळे नाहीत सिस्टिममध्ये, त्याला मी काय करू?"

कौस्तुभ चिडला नाही. त्याला चिडायचं नाही असं कुठल्याशा ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं. तो फक्त "विचार करा" म्हणाला आणि वर गेला. माणूस धड चिडतही नसेल तर त्याच्याशी भांडायचं तरी कसं, या विचाराने प्रिस्काच आणखी चिडली.

मस्टर म्हणजे लाल कापडी बांधणीचं मोठं रजिस्टर. मशीन आलं तरी कंपनीने ते बंद केलं नव्हतं, कारण कामगार खात्याला अजून सहीचा कागद लागायचा. त्यातली सही प्रिस्काची. तिच्या रजिस्टरमध्ये सत्तावीस वर्षांत खाडाखोड नव्हती. नंदाखालच्या चर्चमध्ये मिस्सा संपल्यावर बायका आपापल्या सुनांच्या तक्रारी सांगत, तेव्हा ती हे सांगायची. कुणाला त्यात काही विशेष वाटत नसे.

बाराच्या सुमारास बाहेरच्या खिडकीवर थाप पडली. युनियनचा सेक्रेटरी जॅक्सन उभा होता. मिलिंग मशीनवरचा हुशार मुलगा, पण सेक्रेटरी झाल्यापासून साधी गोष्टही भाषणासारखी बोलायला लागला होता.

"आंटी, खरं सांगायचं. केनीकाकांची हजेरी लागलीय की नाही?"

"तुला कुणी सांगितलं?"

"वॉचमनने. साहेब सकाळी त्यालाच विचारत होते, हा माणूस गेटमधून आत गेलेला का म्हणून. आंटी, आमच्यात बसून, आमची भजी खाऊन हा माणूस कंपनीची हजेरी लावतो? एकशे बारा घरांत चूल पेटायची मारामार, आणि हा..."

"जॅक्सन, तो आत एक पाऊलसुद्धा गेला नाही. तुझ्या डोळ्यांसमोर बसला होता. तुझ्याच शेजारी."

"तेच तर! म्हणजे हेरगिरी पण केली असेल."

"अरे देवा! त्या माणसाला स्वतःचा मोबाइल उघडता येत नाही, तो कसली हेरगिरी करतोय?"

"ते मला नका सांगू. साडेतीनच्या गेट मीटिंगला मी नाव घेणार. लोकांना कळलं पाहिजे फितूर कोण ते."

तो तावातावाने गेला. प्रिस्काने डबा उघडला आणि तसाच बंद केला. कमाल आहे लोकांची! सदतीस दिवस एकमेकांचं तोंड न पाहणारी कंपनी आणि युनियन, दोघांचं एका गोष्टीवर मात्र एकमत झालं होतं: शांताराम केनी संपावर नव्हता. जो माणूस एका रजेखेरीज रोज संपावर बसला तोच. दोन्ही घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, ते काही खोटं नाही.

आणि हे नुसतं नावापुरतं नव्हतं. शांताराम दोन महिन्यांनी निवृत्त होणार होता. त्या कारखान्यात एक रीत होती. कामगार निवृत्त झाला की शेवटच्या दिवशी सगळं खातं पाळी सुटल्यावर त्याला टेम्पोत बसवून, बँजो लावून, वाजतगाजत घरी पोचवायचं. मग घर सफाळ्याला असो की भिवंडीला. गावाला दिसलं पाहिजे की आपला माणूस इतकी वर्षं कुठे जात होता आणि तिथे त्याला कोण मानत होतं. शांताराम अशा कितीतरी टेम्पोंत नाचत गेला होता. त्याला नाच येत नव्हता, पण जायचा. फितुराला पोचवायला कोण जाणार होतं? चिंचोटीची आणखी तीन माणसं याच कारखान्यात होती, त्याच्याबरोबर एकाच गाडीने येत-जात. ती आज संध्याकाळी घरी काय सांगणार होती? प्रिस्काने मांडवाकडे पाहिलं. शांताराम कडेच्या खुर्चीवर बसून पेपर वाचत होता. त्याच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या, आणि ते अजून त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

सव्वादोनला प्रिस्काने ठरवलं की हा तमाशा आता पुरे. तिने वर फोन लावून कौस्तुभला खाली बोलावलं. वॉचमनला पाठवून जॅक्सनला आणि शांतारामला बाहेरच्या खिडकीशी आणलं. कौस्तुभ खिडकीच्या आत, ते दोघे बाहेर, आणि मध्ये ती. पाऊस भुरभुरत होता. जॅक्सन छत्रीत उभा राहिला, पण शांतारामला काही त्याने छत्रीत घेतलं नाही.

"शांतारामभाऊ," प्रिस्का म्हणाली, "या दोघांसमोर सांगा. तुम्ही संपावर बसलात की नाही?"

"बसलो ना. कोन म्हनतो नाय बसलो?"

"मग रोज अंगठा कशाला लावलात?"

"आलो म्हनून लावला."

"सवयीने लावला ना? चुकून? एवढं बोला, म्हणजे झालं."

प्रिस्काने तोंडात घास भरवावा तसं उत्तर भरवलं होतं. त्याने नुसती मान हलवायची होती. पण तो शहाणा मान हलवेल तर ना.

"चुकून कसा लावीन, बाय? छत्तीस दिस कोन चुकंल? मी ठरवून लावला."

"बघा," कौस्तुभ म्हणाला.

"बघा," जॅक्सनही म्हणाला.

"गप्प बसा दोघं!" प्रिस्का ओरडली. मालकाच्या माणसावर ती सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा ओरडली होती. "ठरवून म्हणजे? का?"

शांतारामने चेहऱ्यावरचं पाणी पुसलं. एवढ्या लोकांसमोर एवढं बोलायची त्याला सवय नव्हती.

"बाय, इथं येन्याच्या आदी मी गोरेगावला व्हतो. कपड्याला रंग द्यायचा कारखाना. तिथं पन संप झाला. चवदा महिने. मी रोज जायचो. चिंचोटीवरना गोरेगावला, रोज. गेटवर बसायचो. मंग कंपनीनी कोर्टात सांगितला, ही मानसं आलीच नाय. सोताहून नोकरी सोडून गेली. जजसायबांनी आमाला इचारला, आल्याचा पुरावा काय? काय दाखवनार? शंभर-सवाशे मानसं व्हतो आमी. पन कागदावर एक दिस पन नाय. आमचं चवदा महिने गेलं कुठं, सांगा."

शांतारामने अंगठा सदऱ्याला पुसला.

"तवा मी ठरवला. संप करायचा तर करायचा, मांगं नाय हटायचा. पन आलो व्हतो, हे कुठंतरी लिवलेला पायजे. म्हनून लावला. काम नाय केला, ते मी लपवत नाय. तुमी लिवा. पन आलो नाय, असा लिवू नका."

प्रिस्काला एकदम स्वतःचीच लाज वाटली. छत्तीस दिवस ती त्याला विहीर बुजवलेल्या सासऱ्यांच्या पंक्तीला बसवत होती. एकशे बारा माणसांत पुढचा विचार करणारा हा एकटाच निघाला होता, आणि त्याला सगळ्यांनी मिळून एकतर चमचा ठरवला होता, नाहीतर खुळा.

कौस्तुभ खिडकीशी वाकला. "काका, तुम्ही शांतपणे विचार करा. छत्तीस दिवसांचा पूर्ण पगार आहे. रिटायरमेंटला आलात. एक सही करायची, मी कामावर होतो म्हणून."

"काम नाय केला त्याचा पगार?" शांतारामने त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं की जणू पोरगा काहीतरी वाह्यात बोलला. "घरी बायकोला काय सांगू, कशाचा आनला?"

"ऐकलंस?" प्रिस्का जॅक्सनकडे वळली. "आता मीटिंगला हेच सांग. शब्दन् शब्द."

जॅक्सनने छत्री या हातातून त्या हातात घेतली. "आंटी, ते ठीक आहे. काकांचं मला पटलं पण. पण मी मघाशीच ग्रुपवर टाकलंय. नावासकट. एकशे नऊ जणांनी वाचलं."

"मग आता दुसरं टाक."

"असं लगेच बदललं तर लोक म्हणतील, सेक्रेटरीला कंपनीने मॅनेज केला."

"आणि मी पण सरांना मेल केलाय, मॅडम," कौस्तुभ हळूच म्हणाला. "ते खूश झालेत. त्यांनी वकिलांना सांगितलं पण."

खरी गोष्ट दुपारी अडीचला बाहेर आली, पण दोघांनी आपापली गोष्ट आधीच विकून टाकली होती. प्रिस्काला वाटलं, रजिस्टर उचलावं आणि दोघांच्या टाळक्यात आळीपाळीने घालावं. चांगलं पाच किलोचं होतं ते.

तिने ते उचललंही, पण उघडण्यासाठी. शांताराम केनीच्या ओळीवर पट्टी ठेवली आणि पहिल्या दिवसाच्या चौकोनात लिहिलं "सं". त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात मशीनमधली वेळ, ६:५१. मग दुसरा चौकोन. मग तिसरा. रजेच्या दिवशी नुसतंच "सं". कौस्तुभ खांद्यावरून बघत होता.

"मॅडम, संप आणि टायमिंग दोन्ही? असा कॉलम नाहीये."

"शेऱ्याचा आहे." शेऱ्यात तिने लिहिलं: सदर कामगार छत्तीस दिवस गेटवर हजर, संपात सहभागी, काम केलेले नाही. खाली एकूण मनुष्यदिवस, चार हजार एकशे चव्वेचाळीस. खाली सही.

"याचा आपल्याला काय उपयोग? मॅडम, सर मला मारतील. तुम्हाला मेमो द्यावा लागेल मला."

"द्या. इनवर्डचा नंबर घालायला विसरू नका."

खिडकीबाहेर शांतारामने मान वर करून विचारलं, "बाय, वेल लिवली ना?"

"लिहिली."

"मंग झाला," तो म्हणाला, आणि मांडवात जाऊन बसला. साडेतीन वाजायला अजून अवकाश होता.

वकिलाने दुसऱ्या दिवशी तो शेरा वाचला आणि रजिस्टर मुकाट्याने बॅगेत परत ठेवलं. करार झाला. कंपनी म्हणाली आम्ही जिंकलो, युनियन म्हणाली आम्ही. कामगार खात्याच्या कागदावर चार हजार एकशे चव्वेचाळीस दिवस वाया गेल्याची नोंद झाली. जॅक्सनने मीटिंगला नाव घेतलं नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. पण त्या दिवशी तो चाळीस मिनिटं बोलला, त्यात शांतारामबद्दल एकच वाक्य: "केनीकाकांच्या बाबतीत थोडा गैरसमज झालाय, तो विषय आपण इथेच बंद करू." आणि विषय बंद करू म्हटलं की लोक तो घरी नेतात. चिंचोटीच्या गाडीत कारखाना सुरू झाला त्याच सकाळी जागा उरली नाही. एवढी वर्षं चौघं मावत होते, आता तिघांतच गाडी भरायला लागली. शांताराम रिक्षा बदलत येऊ लागला आणि तरीही सातला दहा कमी असताना हजर. कॅन्टीनमध्ये त्याच्या बाकावर जागा मोकळी असायची. प्रिस्का दोनदा जॅक्सनशी भांडली. दोन्ही वेळा तो म्हणाला, "आंटी, वेळ जाऊ द्या, लोक विसरतात." लोक विसरत नाहीत. ते फक्त काय झालं होतं ते विसरतात, आणि कुणाशी बोलायचं नाही तेवढं लक्षात ठेवतात.

ऑक्टोबरअखेर त्याचा शेवटचा दिवस आला. टेम्पो प्रिस्काने ठरवला, बँजोवालेही तिनेच सांगितले. वर्गणी मागायला ती स्वतः खात्यात फिरली, तेव्हा बहुतेकांना नेमकं त्याच संध्याकाळी काहीतरी काम निघालं. जॅक्सनने हार पाठवला; तो स्वतः पनवेलला कुठल्याशा सभेला गेला होता. साडेतीनला टेम्पोत सहा माणसं चढली, त्यातले चार बँजोवाले.

शांताराम बाहेरच्या खिडकीशी आला. गळ्यात हार होता, तो कागदाला लागू नये म्हणून त्याने पाठीवर टाकला.

"बाय, तो कागद देता ना?"

त्याने आठ दिवसांपूर्वी मागून ठेवला होता. संपातल्या छत्तीस दिवसांचा उतारा. कशाला हवा, हे तिने विचारलं नव्हतं. आता कुठलं कोर्ट आणि कुठला जज. पण कंपनीच्या लेटरहेडवर द्यायला कौस्तुभ तयार होईना, म्हणून तिने रेघांच्या कागदावर स्वतःच्या हाताने छत्तीस तारखा आणि छत्तीस वेळा उतरवल्या होत्या. खाली टाइम ऑफिसचा शिक्का.

बँजो सुरू झाला. टेम्पोवाला हॉर्न मारायला लागला. शांताराम खिडकीच्या कडप्प्यावर कागद ठेवून एकेका ओळीवरून बोट फिरवत राहिला. एवढ्या गोंगाटात माणसाने निदान आज तरी घाई करावी, पण नाही. बोट एका ओळीवर थांबलं.

"बाय, हा शनवार चुकला."

"काय चुकलं?"

"इथं सहा एकोनसाठ लिवलाय. त्या दिसाला मी लेट व्हतो. धबधब्याला जानाऱ्यांनी गाड्या आडव्या लावल्या व्हत्या नाक्यावर. सात अकरा झाले."

प्रिस्काला ते माहीत होतं. रजिस्टरमध्ये सात अकराच होतं. उतारा लिहिताना त्या ओळीशी तिचा हात थांबला होता. सगळ्यांनी त्या माणसाला एवढं छळलं, निदान आपल्या कागदावर तरी त्याला लेट मार्क नको, असं वाटून तिने आयुष्यात पहिल्यांदा खोटी वेळ लिहिली होती.

"असू द्या हो, भाऊ. कोण बघणार आहे?"

"कोनी नाय बघनार," शांताराम म्हणाला. "पन हा एक खोटा निंगला, तर बाकीचं पस्तीस कोन खरं मानंल?"

तिने कागद पुन्हा आत ओढला. सहा एकोणसाठवर सरळ रेघ मारली, वर सात अकरा लिहिलं, आणि खाडाखोडीला लागते तशी शेजारी बारीक सही केली. शांताराम शाई वाळेपर्यंत थांबला. मग घडी घालून कागद सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला, हार पुन्हा पुढे घेतला आणि टेम्पोत जाऊन चार बँजोवाल्यांच्या मध्ये उभा राहिला.